आतून 'या' येईपर्यंत

केळझर, १३ जुलै २०२५

चि. सौ. वेदश्री,

आशीर्वाद.

हे पत्र भाजीच्या पिशवीत दोडक्यांच्या वर ठेवलं आहे. पिशवी हरिभाऊ अडत्याच्या टेम्पोतून वर्ध्याला येते आणि निशांत ती बाजारातून घेऊन जातो. म्हणजे आधी त्याच्या हाती पडेल, पण पत्र तुला आहे. त्यानं वाचलं तरी हरकत नाही.

फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तरी मी 'बरं आहे ना' याच्या पुढे गेलो नसतो. मला समोरचं माणूस दिसत नसलं की शब्द सापडत नाहीत. कागदाचं तसं नाही. कागद थांबतो.

कारण महालक्ष्म्यांचं आहे. गेल्या वर्षी तुझ्या सासूबाई गेल्याचं वर्ष होतं म्हणून बसवल्या नाहीत. चैत्रात उज्वलाचं वर्षश्राद्ध झालं. आता यंदा बसायला हव्यात. एकतीस ऑगस्टला येतात. मुखवटे लोखंडी पेटीत आहेत, उज्वलाच्या हिरव्या पातळात गुंडाळलेले. काल उघडून पाहिले. डाव्या मुखवट्याच्या गालाचा रंग थोडा गेला आहे, बाकी ठीक.

आपल्या घरची रीत तू पाहिली आहेस. घरच्या बाईनं मुखवटे घेऊन उंबरठा ओलांडायचा आणि त्यांना सगळं घर दाखवायचं, एकही खोली सोडायची नाही. माझ्या आईकडून ते उज्वलाकडे आलं. उज्वला तुझ्या हातात देणार होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तू निऱ्या इतक्या नीट बसवल्यास की ती मला म्हणाली, "पोरीच्या हातात हाये."

माझ्या चुलतभावाच्या, बंडूदादाच्या घरच्या शकुंतलाबाई मागच्या आठवड्यात आल्या होत्या. अंगणातूनच म्हणाल्या, "भाऊजी, बाई नसलेल्या घरात लक्ष्मी कशी उभी राह्यन? मुखवटे आमच्याकडे द्या. आम्ही बसवतो." त्यांचं मन वाईट नाही. पण एकदा दुसऱ्या चुलीवर गेलेल्या महालक्ष्म्या परत येत नाहीत. मी त्यांना सांगितलं, सूनबाई येणार आहे.

तुला न विचारता सांगितलं. म्हणून हे पत्र.

जानेवारीत तुम्ही तिघं वर्ध्याला राहायला गेलात तेव्हा खुशीच्या शाळेचं कारण सांगितलं. शाळा जूनमध्ये उघडली. मी काही विचारलं नाही. आजही विचारत नाही.

तुझा बाबुजी

केळझर, २७ जुलै

चि. वेदश्री,

पिशवी परत आली. चार घड्या घालून, आतून पुसलेली. तू पुसलीस की निशांतनं, एवढाच विचार मी दोन दिवस करतो आहे.

उत्तर नाही, तर मागच्या पत्रात जे झाकलं ते लिहितो. मला तुझी वाक्यं माहीत आहेत.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी सेलूच्या बाजारात वांगी उतरवत होतो. हरिभाऊला तू ओळखतेस. त्याचा मुलगा बंगलोरला, सून मद्रासकडची, नातवाला मराठीचा म येत नाही. म्हणून हा माणूस पासष्टाव्या वर्षी तू फोनवर टाकतेस ते इंग्रजीचे धडे ऐकतो. त्यानं लांबूनच हाक मारली.

"अबे ज्ञानेश्वर, इकडं ये! तू त इंग्रजीत गेला लेका!"

फोन त्यानं काट्याच्या पारड्यात उभा केला होता. तुझा आवाज आला. "माय फादर-इन-लॉ इज ऑलवेज क्लिअरिंग हिज थ्रोट."

मला वाटलं माझं काही चांगलं सांगते आहे. छाती फुगली म्हण ना. मी विचारलं, "म्हणजे काय म्हणते?"

"म्हणजे माहा सासरा खाकरूनच राह्यते."

"मंग? खाकरतोच मी."

"तसं नाई रे भाऊ. नुसतं खाकरते म्हनलं त खाकरते. हे ऑलवेज लावून आसं म्हनलं म्हणजे ऐकणाऱ्याचं डोकं उठलं समज. माही बुढी नाई म्हनत, हा मानूस बिड्या फुकूनच राह्यला, फुकूनच राह्यला? तसं हाये हे. म्हनून त मले हा धडा एका झटक्यात समजला!"

हमाल हसले. वांगी घ्यायला आलेल्या बायाही हसल्या. मग हरिभाऊनं पुढची वाक्यं ऐकवली. सासरे नेहमी खोलीत धूर घेऊन येतात. सासरे सारखे 'जेवली का' विचारतात. सासरे चार माणसांच्या घरात दहा माणसांची भाजी आणतात. प्रत्येक वाक्याला तो मला अर्थ सांगायचा आणि गिऱ्हाईक वर पाहायचं. पुढं त्याच्याकडे माल आला म्हणून धडा तिथंच थांबला.

राग आला नाही. हे तू खरं मान. मला उलट वाटलं, पोरीनं तोंडावर सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. सकाळचा धूप घरभर फिरवायची आईची शिस्त. घरात नेटवर्क फक्त तुझ्या खोलीत, आणि क्लासही सकाळीच. एकदा कुणी विद्यार्थ्यानं विचारलं होतं ना, "मॅडम, घरात आग लागली का?" तेव्हा उज्वला होती. तुम्ही दोघी किती हसला होतात. मला वाटलं होतं ते हसण्यावारी गेलं.

बसमध्ये घरी येईपर्यंत माझं ठरलं. एकेक सोडायचं. देव काही तुझ्या खोलीपर्यंत धूर आला नाही म्हणून रुसत नाही. धूप मी बाहेरच्या खोलीतच ठेवू लागलो. 'जेवली का' बंद केलं. भाजी मोजकी. आणि खाकरणंही सोडलं. ते सगळ्यात अवघड गेलं. घशाशी आलेलं गिळावं लागायचं.

मला वाटत होतं तुला बरं वाटत असेल. हळूहळू तुझं बोलणं कमी झालं. मी समजलो, शांतता तुला मानवते आहे. म्हणून मी आणखी कमी बोलू लागलो.

आता कधी कधी घरात मीच आहे की नाही हे मला कळत नाही.

ज्ञानेश्वर

केळझर, ११ ऑगस्ट

वेदश्री,

काल निशांत आला होता. तुला माहीतच असेल, की नसेल? बसला नाही. गाडीवरून उतरला आणि विहिरीपाशी उभा राहिला. मी चहा टाकतो म्हटलं तर नको म्हणाला.

"बाबा, ते महालक्ष्मीचं तिले नका लिहू आता."

"काऊन?"

"ती नाई येत."

"माह्याकडून काई चुकलं का?"

तो रहाटाकडे पाहत राहिला. लहानपणी मार खाण्याआधी असाच पाहायचा. मग म्हणाला, "तुम्ही आवाज न करता येऊन उभे राहत होते, बाबा. ती मांगं वळून पाहे त तुम्ही दारात. सैपाकघरात तसंच, खोलीत तसंच. मी दिवसभर वर्ध्याले. घरात दुसरं कोणी नाई. ती घाबरून जाये."

मला आधी समजलंच नाही. मी म्हणालो, "मी तिच्यासाठी आवाज बंद केला रे."

"तिनं तुमच्याबद्दल वाईट शब्द नाई काढला. फक्त म्हणे, मले भेव लागते."

"अन् तुले काय वाटते?"

"मले काय वाटन, बाबा," असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

'तसं काही नाही' असं म्हणाला नाही. एक 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? गाडी मंदिराच्या वळणापर्यंत गेली तोवर मी तिथंच उभा होतो, की वळून येईल आणि म्हणेल.

तू वर्ध्याच्या सरकारी क्वार्टरात वाढलीस. तिथं दाराला बेल असते. आमच्याकडे दारं उघडी असतात, म्हणून सासऱ्यानं खाकरायचं असतं. हे तुला कुणी सांगितलंच नाही आणि तुला माहीत नसेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझे वडील विहिरीपाशी खाकरायचे, मग अंगणात, मग दारात. उज्वला पदर सारखा करायची, काही बोलत असेल तर थांबायची, आणि आतून 'या' म्हणायची. 'या' आल्याशिवाय त्यांनी उंबरठ्यात पाय घातला नाही, ताप असतानासुद्धा. निशांतचं लग्न ठरलं त्या दिवशी उज्वलानं मला हसत हसत बजावलं होतं, "आता तुम्ही सासरे. नवऱ्यासारखे घरात घुसू नका. खाकरत येत जा."

मी खाकरत होतो ते एवढ्यासाठी. परक्याची लेक आहे, तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून.

तेच तू धड्यात घातलंस आणि तेच मी सोडलं. आणि मग मी दारात दिसू लागलो. विचारायचं असायचं, गिरणीत जातो, काही दळायचं आहे का. विचारणंही तुला आवडत नाही म्हणून तू वळेपर्यंत थांबायचो. तुझी पाठ बघत उभा असलेला माणूस कसा दिसत असेल हे मला काल कळलं.

रोज गणपतीच्या पायऱ्या चढतो. आज चढलो नाही. काय तोंड दाखवावं हा प्रश्न देवाचा नव्हता, पायऱ्यांवर भेटणाऱ्या माणसांचा होता. कुणाला काही माहीत नाही. तरी वाटलं माझ्या अंगावर लिहिलेलं आहे.

पुढं काय लिहावं कळत नाही. थांबतो.

केळझर, २३ ऑगस्ट, तान्हा पोळा

चि. वेदश्री,

आज पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती. खुशीचा बैल फळीवर आहे. चाकाला तेल घातलं, शिंगं रंगवली, झूल बांधली आणि परत फळीवर ठेवला. येणाऱ्या पोरांच्या हातावर खाऊ ठेवला. एकीनं विचारलं, "खुशी कुठं हाये?" मी म्हटलं, "येते."

दुपारी निशांतनं तिला फोनवर दिलं. एवढा मोठा उपकार केला त्यानं. ती म्हणाली, "आबा?" मी फोन कानाला धरून उभा. ती परत म्हणाली, "आबा, तुम्ही हाये का?" मी म्हटलं, "हाये." मग ती बाजूला कुणाला तरी म्हणाली, "आबा बोलूनच नाई राह्यले." तू असशील बाजूला. नसशीलही.

एक गोष्ट सांगायची आहे. निशांत येऊन गेल्यावर तुझा तो धडा मी अंगणात उभा राहून माझ्या फोनवर पहिल्यांदा पुरा ऐकला. हरिभाऊनं अर्धाच ऐकवला होता. वाक्यं संपतात, तू मुलांना घरचं उदाहरण लिहून आणायला सांगतेस, आणि तेवढ्यात बाहेरून मी खाकरतो. खरा मी. माझाच आवाज आहे. तू मान वळवून हसतेस. मुलांना म्हणतेस, "पाहा, मी सांगत होते ना?" आणि मग मोठ्यानं म्हणतेस, "या बाबुजी, क्लास संपलाच."

तू 'या' म्हणाली होतीस. तुला कुणी शिकवलं नव्हतं तरी बरोबर तेच म्हणाली होतीस. मी आत आलो असेन, धूप फिरवून गेलो असेन. मला तो दिवस आठवतही नाही, इतका तो साधा होता.

मग रोज सकाळी अंगणात जाऊन मी ते शेवटचं ऐकू लागलो. तू 'या' म्हणेपर्यंत. पोथी वाचल्यासारखं झालं होतं ते माझं. खोटं कशाला लिहू, पोथीपेक्षा जास्त.

परवापासून ते फोनवर सापडत नाही. हरिभाऊला दाखवलं. तो म्हणाला, "अबे, तिनं तो धडा नवीन टाकला. चांगला हाये, आवाज साफ हाये." आणि त्यानं ऐकवला. आता त्यात वरच्या मजल्यावरची बाई आहे. ती सारख्या खुर्च्या ओढते. कुणाचा तरी कुत्रा आहे, तो सारखा भुंकतो. हरिभाऊ हसून म्हणाला, "तुले काढलं लेका धड्यातून. सुटला तू!"

मी म्हटलं, "बरं झालं."

वैताग येण्याइतकं तरी मी तुझ्या घरात होतो. आता त्या जागी खुर्च्या आहेत. वाईट वाटून घेऊ नकोस, तू बरोबरच केलंस. ज्याची भीती वाटते त्याच्यावर हसून वाक्यं करता येत नाहीत.

बंडूदादा आज येऊन गेले. त्यांनी सरळ विचारलं, "सून येते का नाई? शकुंतलाले तयारी करा लागते." मी म्हटलं, तीस तारखेपर्यंत थांबा. ते म्हणाले, "थांबतो बावा. पण तू दाराकडं पाहून बोलून राह्यला, माह्याकडं नाई."

सोळा भाज्यांपैकी बहुतेक आपल्याच वाफ्यातल्या होतील. चवळी आहे, कोहळं आहे, अंबाडी आहे, कारली आहेत. दोन-चार बाहेरून आणाव्या लागतील. यायचं असेल तर नुसतं ये. साडीपासून फुलोऱ्यापर्यंत सगळं मी काढून ठेवतो. तू असशील तेवढे तीन दिवस मी मळ्यातल्या खोपीत राहीन. घरात येणार नाही. जेवायलाही नाही. शकुंतलाबाई तुझ्या सोबतीला झोपतील. निशांतला सांग, मी लिहून दिलं आहे.

बाबुजी

केळझर, २९ ऑगस्ट

चि. वेदश्री,

पिशवी आली. आत खुशीचा रुमाल होता आणि रुमालात महालक्ष्मीची नथ.

उज्वलानं ती तुझ्याजवळ ठेवायला दिली होती हे मी विसरलो होतो. तू विसरली नाहीस. मोती पुसलेले आहेत, तार सरळ केलेली आहे. रुमाल उलटा-सुलटा करून पाहिला. पिशवीही झटकली. दुसरं काही नव्हतं.

उत्तर मिळालं.

रुमाल धुऊन ठेवतो.

ज्ञानेश्वर

केळझर, २ सप्टेंबर

चि. सौ. वेदश्री,

आज महालक्ष्म्या गेल्या. म्हणून हे शेवटचं लिहितो आहे. यानंतर पिशवीत फक्त भाजी असेल. ती तरी घेत जा. मोजकीच पाठवीन.

शकुंतलाबाईंनी मोठं मन केलं. म्हणाल्या, "भाऊजी, यंदाच्या साल तुमच्याच घरात बसवू. घराचा निरोप घेतल्याबिगर नेऊ नये." साड्या त्यांनी नेसवल्या, पुरणाचा सैपाक त्यांनी आणि त्यांच्या जावेनं केला. नथ घातली. डाव्या मुखवट्याचा गाल त्यांनी हळदीनं सारखा केला. लोक दर्शनाला येऊन गेले. हरिभाऊ सेलूहून आला, पोटभर जेवला, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्याला कुणी काही सांगितलं असेल का, हे मनात आलंच.

मला तुला रविवारचं सांगायचं आहे. मुखवटे घरात घ्यायची वेळ झाली आणि शकुंतलाबाई अडल्या. "मी दुसऱ्या घरची. घर दाखवायचं ते घरच्या माणसानंच. तुम्हीच घ्या भाऊजी. देवाले बाई काय अन् माणूस काय, सारखंच." मी डोक्याला टापशी बांधली, ताट हातात घेतलं. पुढं रांगोळीची पावलं, मागं त्या घंटी वाजवत. त्या विचारायच्या आणि मी उत्तर द्यायचं. उज्वला हे म्हणायची तेव्हा मी बाहेर ओसरीवर बसून ऐकायचो. आपल्याला कधी म्हणावं लागेल असं वाटलं नव्हतं.

"कोण आलं?"

"महालक्ष्मी आल्या."

"इथं काय हाये?"

"धान्य हाये."

मग गोठा दाखवला, चूल दाखवली, देव्हारा, उज्वलाचा फोटो असलेली खोली. पावलं शकुंतलाबाईंनी सकाळीच काढली होती, सगळ्या खोल्यांत. तुझ्या खोलीतही. त्यांना काय माहीत. दार उघडं होतं आणि पावलं उंबरठ्यावरून आत गेलेली होती, पलंगापर्यंत.

तिथं माझे पाय थांबले.

शकुंतलाबाईंना वाटलं मी शब्द विसरलो. त्यांनी परत विचारलं, "इथं काय हाये?" सुनेची खोली, लेकराची खोली, असं काहीतरी म्हणायचं असतं. मला फक्त घशाशी आलेलं जाणवलं. आणि इतक्या महिन्यांनी मी ते गिळलं नाही. खाकरलो. चांगलं मोठ्यानं, विहिरीवरून वडील खाकरायचे तसं. घर रिकामं असलं की आवाज किती लांब जातो.

आणि थांबलो.

"भाऊजी, काऊन थांबले? आत कोणी नाई," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"माहीत हाये."

"मंग चला ना. मुहूर्त चालला."

आत कोणी नाही हे मला माहीत होतं वेदश्री. तरी मी वाट पाहिली. ताट जड होतं. मुखवट्यांचे डोळे समोर, खोलीकडे. बांगड्या वाजतील, खुशी पळत येईल, असं काही मला वाटलं नाही. मी काही वेडा झालेलो नाही. पण रीत अशी की बाहेरच्यानं आवाज द्यायचा आणि आतून 'या' यायला हवं. ते आलं नाही तर मागे फिरायचं.

मी मागे फिरलो. शकुंतलाबाई हळहळल्या. म्हणाल्या, एक खोली राह्यली, देवीले घर पुरं दाखवलं नाई, हे बरं नाई झालं. नसेल झालं. त्याचं जे काही असेल ते माझ्या माथी.

आज विसर्जनाच्या अक्षता टाकल्या आणि बंडूदादांनी मुखवटे हिरव्या पातळासकट नेले. पुढच्या वर्षापासून तिथंच. वेशीपर्यंत मी सोबत गेलो. परत आल्यावर घरातली पावलं पुसली. तुझ्या खोलीतली तशीच आहेत, आत गेलेली.

तू नसतानाही मी त्या खोलीत पाय ठेवलेला नाही. एवढंच तुला माहीत असावं.

ज्ञानेश्वर